खर्च कोणाचा, वास कोणाला

हिशेबतपासणीच्या खात्यात ज्याची हयात गेली, त्या मनुष्यास कोणत्याही वस्तूची किंमत ऐकताच पावती कोठे आहे, माल कोणी ताब्यात घेतला आणि त्याचा उपभोग प्रत्यक्षात कोणाच्या पदरी पडला, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. आणि भाजीपाल्यापासून भूखंडापर्यंत बहुतेक साऱ्या खरेद्या या प्रश्नांना बरीवाईट उत्तरे देत असल्या, तरी सुगंध ही एकच चीज अशी आहे की जिच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाशी येऊन फाइल कायमची अडकते. साडी नेसणारीला आरशात दिसते, आंबा खाणाऱ्याच्याच पोटात जातो, मोटारीत मालक स्वतः बसतो (निदान पेट्रोल परवडेल तोवर). परंतु अंगास लावलेला सुगंध थोड्याच वेळात लावणाऱ्याच्या नाकास लागेनासा होतो, कारण एकच वास सतत येत राहिला की त्याची दखल घेणे मेंदू बंद करतो, आणि मेंदूच्या या वहिवाटीविरुद्ध कोठेही अपील चालत नाही. पैसे मोजले एकाने आणि वास घेतला तो लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर चढलेल्या चौथ्या मजल्यावरील बिऱ्हाडाने, असा हा व्यवहार आहे. अशा व्यवहारात वस्तू किमतीच्या योग्यतेची आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार मुळात खरेदीदाराला कसा पोचतो, हाच माझा पहिला आक्षेप आहे.

हे प्रकरण माझ्यापुढे आले ते भाच्याच्या रूपाने. तो न्यूयॉर्कजवळ नोकरीस असून दिवाळीच्या रजेत घरी आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून बदामाची पाकिटे, चॉकलेटे, मामासाठी काहीतरी घ्यायचेच म्हणून घेतलेला व मामाला लहान होणारा स्वेटर, आणि सर्वांच्या शेवटी पायमोज्यात गुंडाळलेली एक शिशी निघाली. शिशी साध्या काचेची, नक्षीकामाचा मागमूस नाही. वर एक फिकट चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर टंकलेखन यंत्राच्या वळणाच्या अक्षरांत सुगंधाचे नाव, तो मिसळल्याची तारीख, शहराचे नाव आणि खाली खुद्द भाच्याचे नाव. आमच्या लहानपणी दवाखान्यातील कंपाउंडर खोकल्याचे लाल मिश्रण बाटलीत भरून, तीवर रुग्णाचे नाव लिहून, डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवून ज्या गांभीर्याने ती खिडकीतून हाती देत असे, त्याच गांभीर्याने हे द्रव्य गिऱ्हाइकासमोर कालवून दिले जाते, असे भाच्याने सांगितले. फरक इतकाच की कंपाउंडर बाटली घरून आणावयास सांगे आणि मिश्रणाचे आठ आणे घेई. मी किंमत विचारली. "राहू दे ना मामा," असे तो म्हणाला. आणि जी किंमत राहू द्यावी लागते तिचा छडा लावणे हेच माझे आयुष्यभराचे कर्तव्य असल्यामुळे मी ती काढून घेतली. शंभर मिलिलिटरला तीनशे डॉलरांहून अधिक, म्हणजे आपले पंचवीस हजार रुपये सहज ओलांडून वर.

मुद्देमालाचा पंचनामा पुढीलप्रमाणे. नाव 'सांताल ३३'; जन्म २०११; कर्ता फ्रँक व्होल्कल; विकणारे 'ल लाबो' हे गृह फाब्रिस पेनो व एडी रोशी या दोघांनी २००६ साली न्यूयॉर्कमध्ये काढलेले आणि २०१४ मध्ये एस्टी लॉडर या बड्या पेढीच्या ताब्यात गेलेले. नावातील तेहतीस हा आकडा घटकद्रव्यांचा म्हणून सांगण्यात येतो. ऑस्ट्रेलियाचे चंदन, सीडरचे लाकूड, वेलची, आयरिस, व्हायोलेट, कातड्याचा भास, आणि व्हेलच्या अंबराची आठवण करून देणारे परंतु व्हेलशी कसलाही संबंध नसलेले 'अँब्रॉक्स' नामक कृत्रिम द्रव्य ही त्यांतली जाहीर केलेली मंडळी. हे सारे हुंगले असता अमेरिकेच्या पश्चिमेकडील अफाट माळरान, वर संध्याकाळचे आकाश, आणि शेकोटीपाशी एकटाच बसलेला रांगडा गडी डोळ्यांपुढे उभा राहावा, अशी विक्रेत्यांची अपेक्षा असते. मी भाच्याच्या मनगटाशी नाक नेऊन, डोळे मिटून, त्या गड्याची बराच वेळ प्रतीक्षा केली. तो काही आला नाही. आली ती देवघरातली सहाण. वडील पूजेस बसण्यापूर्वी चंदनाचे खोड तीवर उगाळीत, आणि पाणी थोडे जास्त पडले की ते गंध कपाळावरून निघून त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थबके. वडिलांना ते पुसावेसे वाटत असूनही मंत्र संपेपर्यंत ते पुसता येत नसे, आणि आम्हा मुलांना हसता येत नसे. टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनाचा वृक्ष राजवृक्ष म्हणून जाहीर करून त्यावर सरकारचा हक्क बसविला, आणि पहिल्या महायुद्धाने युरोपकडे जाणारी लाकडाची वाट बंद पडली तेव्हा म्हैसूर संस्थानाने तेल काढण्याचा स्वतःचा कारखाना उघडला, असा ज्या खोडाचा कुलवृत्तांत, त्याचा ऑस्ट्रेलियातील चुलतभाऊ न्यूयॉर्कमार्गे परत आमच्याच घरी यावा, याचे मला त्या क्षणी खरोखर अप्रूप वाटले.

परंतु सहाणेच्या मागोमाग, कोणीही न बोलावता, शेपू आला.

हा माझ्या नाकाचा खोडसाळपणा नव्हे. या सुगंधातून शेपू घातलेल्या काकडीच्या लोणच्याचा वास येतो, ही तक्रार अमेरिकेतही पुष्कळांनी केलेली आहे; त्या देशी काकड्या मिठाच्या पाण्यात शेपूसह मुरवीत ठेवण्याचा प्रघात असून, ज्यांना सांताल ३३ मध्ये हा वास एकदा आला त्यांना मग चंदन दिसेनासे होते, आणि ज्यांना तो येत नाही ते तक्रारदारांकडे दयार्द्र दृष्टीने पाहतात. महाराष्ट्रास ही फाळणी नवीन नाही. मुगाची डाळ घालून केलेली शेपूची भाजी पानात पाहताच ज्यांचे चित्त प्रसन्न होते ते, आणि तिचा वास जिन्यातच ओळखून जे चपला न काढता परत फिरतात ते, अशा दोन पक्षांत आपले प्रत्येक कुटुंब विभागलेले असते, व विवाहापूर्वी पत्रिका पाहणारे या मुद्द्याकडे का दुर्लक्ष करतात हे मला आजवर उलगडलेले नाही. आमच्या सौभाग्यवती पहिल्या पक्षाच्या कट्टर सभासद. त्यांनी भाच्याला जवळ बोलावून मोठ्या मायेने हुंगले आणि विचारले, "छान आहे हो, पण आज शेपू कुणी निवडला?" मंडईत वीस रुपयांत मिळणाऱ्या जुडीचा उल्लेख आपल्या पंचवीस हजारांच्या सान्निध्यात झालेला पाहून भाच्याची मुद्रा जी झाली, तिचे वर्णन मी मामा या नात्याने टाळतो.

पंचनाम्याचे पुढील कलम द्रवाचे. या जातीच्या शिशीत सुगंधद्रव्यांचा अंश साधारणतः पंधरा ते वीस टक्के असून बाकी बहुतेक सारा मद्यार्क असतो, ही गोष्ट गिऱ्हाइकाला माहीत नसते आणि सांगितली तर रुचत नाही. जुन्या मुंबई राज्याच्या रहिवाशांना मात्र ती कायद्यानेच शिकविली होती. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मद्यार्काचा जो सरसकट समाचार घेतला, त्यात व्हिस्की-ब्रँडीच्या सोबतीने ओ द कोलोनची निरुपद्रवी बाटलीही सापडली; एफ. एन. बलसारा नामक नागरिकाने या साऱ्याच वस्तू बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क सांगून दाद मागितली, आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हिस्कीच्या बाबतीत सरकारचे व कोलोनच्या बाबतीत बलसारांचे म्हणणे ग्राह्य धरून, मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यावरील तेवढी बंदी रद्दबातल ठरविली. उन्हाने डोके चढले असता रुमालावर कोलोनचे चार थेंब टाकून तो कपाळाला लावणाऱ्या सभ्य गृहस्थांच्या पाठीशी राज्यघटना उभी राहिल्याचे हे उदाहरण वकिलांनी जेवढे लक्षात ठेवले तेवढे सुगंधप्रेमींनी ठेवलेले नाही. मुद्दा असा की भाच्याच्या शिशीतील पाचापैकी चार भाग माल या मद्यार्काच्या सदरात पडतो, आणि त्याचा घाऊक भाव पंचवीस हजारांच्या हिशेबात धरण्याच्याही लायकीचा नाही.

उरलेल्या पंचमांशाबद्दल मात्र सरसकट नाक मुरडणे अन्यायाचे होईल. गुलाबाचे एक किलो तेल निघावयास काही हजार किलो फुले लागतात. आयरिसचे कंद जमिनीतून काढल्यावर वर्षानुवर्षे वाळवीत ठेवल्याशिवाय त्यांना तो पावडरीचा मृदू गंधच येत नाही. कनौजला आजही तांब्याच्या देगेत फुले शिजवून, देगेचे तोंड मातीने लिंपून, वाफ बांबूच्या चोंग्यातून पाण्यात बुडविलेल्या भपक्यात उतरवितात, आणि आच कमी-जास्त करण्यासाठी कारागीर कोणत्याही यंत्राऐवजी स्वतःच्या तळहाताचा भरवसा धरतो. भपक्यात अगोदरपासून चंदनाचे तेल असावे आणि त्यात फुलांचा गंध मुरावा ही मूळची पद्धत. चंदन महागल्यावर त्याच्या जागी बऱ्याच ठिकाणी पातळ पॅराफिन आले, आणि अत्तराची किंमत उतरली तशी अत्तराची लाजही उतरली. तेव्हा स्वस्त सुगंधाची तरफदारी करण्यासाठी मी उभा नाही, हे येथेच नमूद करतो. कष्टाला दाम पडलाच पाहिजे. अडचण एवढीच की भाच्याच्या शिशीवर त्याचे नाव आहे, गावाचे नाव आहे, तारीख आहे. तेहतीसांपैकी कोणत्या द्रव्याला किती दाम पडला, हे तेवढे नाही.

स्त्री-पुरुष उभयतांनी वापरावा असा सुगंध म्हणून या शिशीचा जो विशेष गौरव केला जातो, त्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. कोलोन शहरातील योहान मारिया फारिनाने १७०९ पासून विकलेले पाणी सरदारांनी लावले आणि त्यांच्या बायकांनीही लावले. गेर्लाँचे १८८९ चे 'जिकी' दोघांनी वापरले. १९९४ च्या 'सीके वन'ने तर तोच आपला धंद्याचा मंत्र केला. आमच्या घरी हिन्याचा एकच फाया असे व तो आजोबांच्या कानातून काकांच्या कानात जाई, आजी तोच रुमालाला लावी, आणि कोणाचेही लिंग त्यामुळे धोक्यात आल्याचे स्मरत नाही. याहून जुना दस्तऐवज पाहिजे असेल तर जहांगीर बादशहाचे आत्मवृत्त काढावे: नूरजहाँच्या आईने गुलाबपाणी तयार करीत असता वर आलेला तवंग गोळा करून गुलाबाचे अत्तर सिद्ध केले, बादशहाने खूश होऊन तिला मोत्यांची माळ दिली, आणि सलीमा सुलतान बेगमेने त्या अत्तराला नाव ठेवले ते बादशहाचे. शोध बाईंचा आणि नाव बुवांचे. मोबदल्याच्या दृष्टीने पाहता, ज्याच्या बदल्यात मोत्यांची माळ गेली त्या अत्तराची किंमत भाच्याच्या शिशीहून कमी नसावी. परंतु तेथे निदान पैसे देणारा आणि वास घेणारा एकच होता.

याच्या नेमके उलट टोक गाठले ते २००६ साली गेझा शोएन या जर्मन गंधकाराने. त्यांच्या 'मॉलिक्यूल ०१' या शिशीत मद्यार्काशिवाय सुगंधद्रव्य म्हणून एकच रेणू आहे, 'आयसो ई सुपर'. तो अमेरिकेच्या एका गंधकंपनीच्या प्रयोगशाळेत १९७३ साली जन्मास आला, तेव्हापासून असंख्य अत्तरांत व धुलाईच्या मालातही मिसळला जात आहे, आणि घाऊक बाजारात तो किलोच्या हिशेबाने मिळतो. त्याचे वैशिष्ट्य असे की पुष्कळांना त्याचा वासच येत नाही, किंवा येतो आणि लगेच नाहीसा होतो. एखाद्या साध्या व्यापाऱ्याने हे वैगुण्य म्हणून लपविले असते. येथे तोच गुण म्हणून सांगण्यात येतो. तुम्हाला येत नाही, इतरांना येतो, हीच त्याची खुमारी. गिऱ्हाइकाने हुंगावे, काहीच न आल्याने गोंधळून विक्रेत्याकडे पाहावे, आणि विक्रेत्याने समाधानाने मान डोलवावी, असे हे दृश्य आहे. फळाची आशा न धरता कर्म करीत राहण्याचा जो उपदेश कुरुक्षेत्रावर झाला, त्याचे इतके काटेकोर आचरण, तेही आगाऊ रक्कम भरून, करणारे साधक या युगात अन्यत्र आढळावयाचे नाहीत.

हे सारे मी भाच्याला ऐकविले, तेव्हा त्याने नकलेचा प्रश्न काढला. हुबेहूब अशाच वासाच्या शिश्या दशमांश किमतीत मिळतात, हे त्याला ठाऊक होते. यंत्राने द्रवाचे पृथक्करण करून त्यातील घटक ओळखणे आता कठीण राहिलेले नाही, आणि वासावर मालकी कोणाची याबद्दल न्यायालयांचेही एकमत नाही. २००६ च्या जून महिन्यात फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सुगंध ही कसबाची चीज असून तीस स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळणार नाही. आणि अवघ्या तीन दिवसांनी हॉलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ते मिळेल. हॉलंडच्या खटल्यात लाँकोमच्या 'त्रेझोर' या उंची सुगंधातील सव्वीस घटकांपैकी चोवीस 'फीमेल ट्रेझर' नामक स्वस्त सुगंधात सापडले होते. चोवीस घटक जुळूनही किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर राहत असेल, तर ते सारे अंतर उरलेल्या दोन घटकांचे म्हणावयाचे काय, अशी शंका मी त्या निकालावर काढली असती. भाच्याला मी एवढेच विचारले: लिफ्टमधल्या बिऱ्हाडाला अस्सल आणि नक्कल यांतला फरक कळत नाही, तुला थोड्या वेळाने दोन्हींचा वास येत नाही, मग पंचवीस हजारांचे तुला नक्की काय मिळते?

"मला माहीत असतं ना, मामा," तो म्हणाला.

हे उत्तर प्रामाणिक होते, आणि हिशेबतपासणीच्या दृष्टीने महत्त्वाचेही, कारण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रथमच कागदावर आले: वास इतरांच्या पदरी पडतो, आणि मालकाच्या पदरी पडते ती किमतीची जाणीव. परंतु त्यावरून ओघानेच असे निष्पन्न होते की हे समाधान शिशीपेक्षा पावतीत अधिक आहे. पावती उडून जात नाही, विमानतळावर अडवीत नाहीत, दिवसातून कितीही वेळा खिशातून काढून पाहिली तरी कमी होत नाही, आणि तिला शेपूचा वास येत नाही. अशी पावती नुसती खिशात बाळगण्याची सूचना मी केली. ती फेटाळण्यात आली.

इतरांनाही किंमत कळावी असे वाटत असेल तर त्यांना वास ओळखता आला पाहिजे, आणि येथे सांताल ३३ चे नशीब मोठे विचित्र निघाले. न्यूयॉर्कमध्ये तो इतका बोकाळला की हा वास जिकडेतिकडे येतो अशा आशयाचा लेख २०१५ मध्ये तेथल्या प्रमुख दैनिकाने छापला. ओळखणारे वाढले तशी मिरविण्याची सोय झाली, आणि मिरविणारे वाढले तशी मिरविण्यातली मौज गेली. आपल्याखेरीज कोणापाशी नाही म्हणून ज्यांनी तो प्रथम घेतला, त्यांना भुयारी रेल्वेच्या डब्यात आपलाच वास दुसऱ्याच्या अंगाला येऊ लागला. एका अर्थी त्यांना स्वतःच्या पैशाचा वास अखेर मिळाला म्हणावयाचा, परंतु त्यांनी त्यात आनंद मानल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडील जुन्या मंडळींनी हा व्यवहार फार शहाणपणाने बसविला होता असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत आहे. लग्नाच्या मांडवाच्या दाराशी यजमानाचा एखादा विश्वासू पुतण्या अत्तरदाणी घेऊन उभा असे. येणाऱ्याने हात पुढे करावा, त्याने काडीने पालथ्या हातावर एक रेघ ओढावी, दुसऱ्याने गुलाबदाणीतून डोक्यावर शिंतोडे उडवावेत, आणि अत्तरगुलाब व पानसुपारी होऊन समारंभ बरखास्त झाल्याचे वृत्त दुसऱ्या दिवशी छापून यावे. यात खर्च यजमानाचा, अत्तर पाहुण्याच्या हातावर, आणि रात्रभर मांडवात हिंडणाऱ्या दोनशे हातांचा वास पुन्हा यजमानाच्याच नाकात. स्वतःच्या हाताला लावलेले अत्तर विसरणारे नाक लोकांच्या हातांवरचे अत्तर मात्र दर वळणावर नव्याने टिपते. दिलेला पैसा असा व्याजासह परत येत असे. अर्थात् पुतण्याला रेघ किती लांब ओढायची याबाबत कडक ताकीद दिलेली असे, आणि नवऱ्या मुलीकडच्या मंडळींच्या हातावर ती जरा आखूड उमटते अशी कुरकूर प्रत्येक लग्नात होई.

भाच्याने माझा अंतिम शेरा मागितला. मी लिहून दिला तो असा: प्रस्तुत शिशी तिच्या किमतीच्या लायक आहे, मात्र खरेदीदाराच्या बाबतीत नसून, त्याच्या तीन फुटांच्या आत वावरणाऱ्या इसमांच्या बाबतीत आहे, सबब ती रक्कम खरेदीदाराने 'स्वतःवरील चैन' या सदरात न दाखविता 'दानधर्म' या सदरात दाखवावी. तो हसला, आणि स्वभावाने उदार असल्यामुळे पुढच्या खेपेस माझ्यासाठीही एक शिशी आणण्याची त्याने तयारी दाखविली. मी ती साफ नाकारली. "तूच लाव," मी म्हटले, "आणि घरी असशील तोवर रोज संध्याकाळी माझ्या या बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची टाकून बसत जा." त्याने ते मान्य केले. सौभाग्यवतींनी या ठरावास एक उपकलम जोडले आहे: घरात खरोखरीच शेपू शिजत असेल त्या दिवशी लावू नये, कारण मग भाजी खाली लागली तरी कळायची नाही.